लॉगिनची लिंक उशिरा का येते, आणि तो उशीर नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीतल्या एका क्लासचं सराव-परीक्षांचं पोर्टल आहे. पासवर्ड ठेवलेला नाही. विद्यार्थ्याने ईमेल पत्ता टाकला की मेलवर लॉगिनची लिंक जाते आणि ती १५ मिनिटं चालते. दर रविवारी रात्री ८ वाजता चाचणी सुरू होते, तेव्हा ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ अशा ठिकाणची सुमारे ६०० मुलं एकदम लॉगिन करतात. काहींना लिंक दोन सेकंदांत मिळते, काहींना पाच-दहा मिनिटांनी, तर काहींना अर्ध्या तासाने, आणि तोवर लिंक संपलेली असते. एरवी दुपारी करून पाहिलं तर सगळं सुरळीत चालतं. सर्व्हर परदेशात असल्यामुळे हे होतं का, आणि तो महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आणला तर प्रश्न सुटेल का?

सुटणार नाही. मुंबईहून अमेरिकेला जाऊन परत यायला डेटाला साधारण पाव सेकंद लागतो. मेल पोचवताना दोन सर्व्हर एकमेकांशी आठ-दहा वेळा बोलतात असं धरलं, तरी अंतरामुळे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ जात नाही. मिनिटांचा उशीर झाला म्हणजे मेल कुठेतरी रांगेत उभा होता. अशा रांगा चार ठिकाणी लागू शकतात: तुमच्या ॲपमध्ये, मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवर, घेणाऱ्या सर्व्हरच्या दारात, आणि विद्यार्थ्याच्या फोनमध्ये. चौघांचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे रांग कुठली ते कळेपर्यंत काहीही बदलू नका. सर्व्हर हलवण्याचा खर्च तर अजिबात करू नका.

आधी हेडर वाचा

ज्यांना उशीर झाला अशा पाच-सहा विद्यार्थ्यांकडून मूळ मेल मागवा. स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही, आणि पुढे पाठवलेला मेलही नाही, कारण फॉरवर्ड करताना जुनं हेडर, म्हणजे मेलसोबत लपून येणारी प्रवासाची नोंद, गळून पडतं. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडायला सांगा. मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर ‘मूळ दाखवा’ हा पर्याय असतो. फोनवरच्या ॲपमध्ये तो मिळत नाही. उघडलेल्या पानावर वरच तयार झाल्याची वेळ आणि त्यानंतर किती सेकंदांनी पोचला तो आकडा दिसतो. पण हा आकडा मेलवरच्या तारखेपासून मोजलेला असतो, आणि ती तारीख तुमचा प्रोग्रॅम मेल बनवताना घालतो. विद्यार्थ्याने ८:०० ला बटण दाबलं आणि तुमच्या प्रोग्रॅमने मेल ८:०९ ला बनवला, तर जीमेल ‘२ सेकंदांत पोचला’ असंच म्हणेल. त्या नऊ मिनिटांचा त्यात पत्ताही लागणार नाही. म्हणून लिंक मागितल्याची वेळ मेलच्या मजकुरातच छापा: ‘ही लिंक रात्री ८:००:०३ ला मागितली गेली.’ एका ओळीचा बदल आहे, पण पुढची सगळी शोधाशोध त्याने सोपी होते.

हेडरमधल्या ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या. प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सगळ्यात वर मारतो, त्यामुळे प्रवासाची सुरुवात तळाशी असते. वेळा मात्र एकाच घड्याळात आणून घ्या. तुमचा सर्व्हर बहुधा +०००० म्हणजे युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहील, ऑफिसचा एखादा सर्व्हर +०५३० लिहील, आणि गुगलच्या ओळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत म्हणजे -०७०० किंवा -०८०० अशा असतील. आपली रात्रीची ८ म्हणजे युटीसी दुपारची २:३०. हे न बघता वजाबाकी केली की साडेपाच तासांचा भलताच ‘उशीर’ निघतो.

समजा, मेल एका पालकांच्या ऑफिसच्या पत्त्यावर गेला होता आणि मजकुरात मागितल्याची वेळ ८:००:०३ आहे. तळाची ओळ सांगते की तुमच्या पाठवणाऱ्या सर्व्हरला मेल १४:३०:०४ युटीसीला मिळाला, म्हणजे ८:००:०४. ॲपमध्ये उशीर नाही. वरची ओळ सांगते की ऑफिसच्या गेटवेने (आत येणारे मेल तपासणाऱ्या सर्व्हरने) तो ८:०५:११ ला घेतला. इथे ५ मिनिटं ७ सेकंद गेली. त्याच्याही वरची ओळ म्हणते की आतल्या मेलबॉक्स सर्व्हरवर ८:०८:४० ला आला, म्हणजे गेटवेच्या पोटात साडेतीन मिनिटं. पहिला उशीर दारात ‘नंतर या’ सांगितल्याचा आहे, दुसरा तपासणीचा. इतकं कळलं की सर्व्हर बदलायचा विचार आपोआप मागे पडतो.

मागितल्याच्या वेळेत आणि तळाच्या ओळीत अंतर असेल तर दोष तुमच्या ॲपचा. सगळ्या ओळी एकाच मिनिटातल्या असतील आणि तरी विद्यार्थी ‘वीस मिनिटांनी आला’ म्हणत असेल, तर मेल वेळेवर पोचला होता, फोनने तो उशिरा दाखवला.

तुमच्या बाबतीत पहिला संशय: ॲपमधली रांग

दुपारी ठीक चालतं आणि रविवारी ८ वाजताच अडतं, हे लक्षण गर्दीचं आहे. हिशोब करून बघा. मेल पाठवणारा एकच वर्कर (रांगेतली कामं एकेक उचलणारा प्रोग्रॅम) असेल आणि तो प्रत्येक मेलसाठी नवी जोडणी उघडत असेल, तर डीएनएस (समोरच्या सर्व्हरचा पत्ता शोधणं), टीएलएस (जोडणी सुरक्षित करणं), लॉगिन, मजकूर आणि निरोप मिळून एका मेलला साधारण एक सेकंद जातो. ६०० मेल म्हणजे ६०० सेकंद. पहिल्या मुलाला लिंक एका सेकंदात मिळते, सहाशेव्याला दहाव्या मिनिटाला. मधल्यांना मिळणारा उशीर त्याच प्रमाणात असतो, म्हणून ‘काहींना लगेच, काहींना उशिरा’ असं दिसतं आणि नशिबाचा खेळ वाटतो. यात नशीब कुठेच नाही, नंबर कितवा लागला एवढंच आहे.

हे आणखी बिघडवणारी एक गोष्ट बहुतेक पोर्टलांवर असते. चाचणीची आठवण करून देणारा मेल ७:५५ ला सगळ्या मुलांना आणि पालकांना जातो, आणि तोही त्याच रांगेतून. मग ८ वाजता लॉगिनच्या लिंका त्या १२०० मेलांच्या मागे उभ्या राहतात. आठवणीचा मेल दहा मिनिटांनी गेला तर कुणाचं बिघडत नाही. लिंकचं बिघडतं.

म्हणून लॉगिनच्या मेलांना स्वतंत्र रांग द्या आणि तिचे वर्करही स्वतंत्र ठेवा. एकाच रांगेत ‘प्राधान्य’ नावाचा आकडा घालून भागत नाही, कारण सगळे वर्कर मोठ्या कामात अडकलेले असले तर प्राधान्याचं कामही थांबूनच राहतं. तुमच्या आकाराच्या पोर्टलला चार ते आठ वर्कर पुरतात. प्रत्येकाने जोडणी उघडी ठेवून तीवरून अनेक मेल पाठवावेत, किंवा सेवा एचटीटीपी एपीआय (वेबवरून थेट मेल सोपवायची सोय) देत असेल तर ती वापरावी. ६०० मेल मग मिनिट-दीड मिनिटात निघतात. आठवणीचे मेल ६ वाजताच पाठवून मोकळे व्हा.

पाठवणाऱ्या सेवेची मर्यादाही तपासा. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल सेवेचं नवं खातं सॅंडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीपुरत्या बंधनात, असतं: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला १, आणि तेही फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांना. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. बाहेर पडल्यावरही खात्याला सेकंदाचा दर ठरवून दिलेला असतो. तो ओलांडला की सेवा ‘थ्रॉटलिंग’ची चूक परत देते. पुष्कळ प्रोग्रॅम अशी चूक आली की काम परत रांगेत टाकतात आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतात: १ मिनिट, २, ४, ८. चार वेळा अडकलेल्या मेलची १५ मिनिटं तिथेच संपतात. लॉगिनच्या रांगेत हा काळ सेकंदांत ठेवा, २-४-८ सेकंद, आणि वर्करांचा एकत्रित वेग सेवेच्या दराच्या थोडा खाली बांधून घ्या.

पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरवर चालणारा स्वतःचा सर्व्हर असेल तर लॉगमध्येच (सर्व्हरच्या नोंदवहीत) उत्तर लिहिलेलं असतं. प्रत्येक मेलच्या ओळीत ‘डिलेज’ म्हणून तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात. पहिला मेल रांगेच्या व्यवस्थापकाकडे येईपर्यंतचा वेळ, दुसरा त्या व्यवस्थापकाकडे थांबलेला, तिसरा समोरच्याशी जोडणी करण्याचा (डीएनएस आणि टीएलएस यातच धरलेले), चौथा मजकूर देण्याचा. दुसरा फुगला असेल तर तुमच्याकडे एकदम जास्त मेल आहेत. तिसरा ३० सेकंदांच्या पटीत दिसला तर जोडणीच होत नाहीये: समोरचा पहिला एमएक्स (मेल घेणारा सर्व्हर) बंद असेल, किंवा तुमचा सर्व्हर आधी आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) वरून जाऊ बघतो आणि तो रस्ता तुटका असेल. पोस्टफिक्स जोडणीसाठी मुळात ३० सेकंदच थांबतो, म्हणून हा आकडा ओळखीचा होतो. पहिलाच मोठा असेल तर मेल एकदा परतला होता आणि पुन्हा प्रयत्न झाला. मग त्याच मेलची आधीची ओळ शोधा. तिथे ४ ने सुरू होणारा कोड सापडेल, आणि खरं कारण त्याच्या शेजारी लिहिलेलं असेल.

उशिराचा आकडा काय सांगतो

समोरच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारा कोड दिला म्हणजे ‘आत्ता नको, नंतर ये’. ५ ने सुरू झाला तर ‘नाहीच’. ‘नंतर’ म्हणजे किती वेळाने, हे मात्र पाठवणारा ठरवतो, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची सवय वेगळी असते. पोस्टफिक्स साधारण ३०० सेकंदांनी परत जातो आणि पुढची वाट दुपटीने वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतो. एक्झिम या दुसऱ्या मेल सॉफ्टवेअरची मूळ मांडणी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी प्रयत्न करण्याची आहे. एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीचं मानक, २००८ चं आरएफसी ५३२१, परतीचा प्रयत्न किमान ३० मिनिटांनी करावा असं सुचवतं आणि चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत असंही म्हणतं. पत्रव्यवहारासाठी ते योग्यच आहे. पंधरा मिनिटांच्या लिंकसाठी ते जमत नाही.

म्हणून हेडरमध्ये ५ मिनिटं आणि काही सेकंद, १५ मिनिटं आणि काही सेकंद, किंवा जवळपास बरोबर अर्धा तास असं अंतर दिसलं, की ओळखायचं: मेल दारातून एकदा परत पाठवला गेला होता. ॲपमधल्या गर्दीचे आकडे असे गोल नसतात, ते ३ मिनिटं ४०, ६ मिनिटं १२, असे पसरलेले असतात. तुमच्या वर्णनात दोन्ही प्रकार मिसळलेले वाटतात. पाच-दहा मिनिटवाले बहुधा ॲपच्या रांगेतले आणि अर्ध्या तासवाले दारातून परतलेले. हेडर बघितल्यावर पक्कं कळेल.

दारातून परत पाठवण्याचं जुनं कारण ग्रेलिस्टिंग. अनोळखी पाठवणारा आला की त्याला एकदा ‘नंतर ये’ म्हणायचं. स्पॅम पाठवणारे सहसा परत येत नाहीत, खरे सर्व्हर येतात. पोस्टग्रे या प्रचलित प्रोग्रॅममध्ये ही वाट ३०० सेकंदांची असते. ओळख पाठवणाऱ्याचा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक), पाठवणारा पत्ता आणि घेणारा पत्ता या तिघांवरून ठेवली जाते. आता तुमची मेल सेवा प्रत्येक प्रयत्न वेगळ्या आयपीवरून करत असेल, तर समोरच्याला दर वेळी नवाच माणूस आल्यासारखं वाटतं आणि पाच मिनिटांचं काम तासावर जातं. लहान कंपन्या, कॉलेजं आणि स्वतःचे मेल सर्व्हर चालवणारे लोक अजून ग्रेलिस्टिंग वापरतात. जीमेलवरच्या उशिराचं कारण मात्र हे नसतं.

जीमेलकडून ४२१ ४.७.२८ आला तर तुमच्या आयपीवरून किंवा डोमेनवरून नको असलेल्या मेलांचा असाधारण वेग दिसला असं ते सांगत आहेत. आठवडाभर दिवसाला ४० मेल आणि रविवारी ८ वाजता एकदम ६००, असं चित्र दिसलं तर शंका येणं स्वाभाविक आहे. याहूकडून येणाऱ्या ४२१ मध्ये टीएसएस०४ अशी खूण असते, अर्थ जवळपास तोच. शेअर केलेल्या आयपीवर असाल तर शेजाऱ्याच्या स्पॅमची शिक्षाही तुम्हाला मिळते.

इथे ओळखपत्रं नीट असणं कामाला येतं. एसपीएफ (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) तिन्ही ‘पास’ झाले पाहिजेत. मघाच्या ‘मूळ दाखवा’ पानावर ते वरच दिसतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल दिवसाला ५००० हून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांकडून हे तिन्ही मागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगतं. तुमची संख्या तेवढी नाही, पण लहान पाठवणाऱ्यालाही किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतोच, आणि तिन्ही करायला एक दुपार पुरते. एसपीएफमध्ये एक खाच आहे: त्यात एकूण १० पेक्षा जास्त डीएनएस शोध झाले तर नोंद बाद धरली जाते. वेबसाइटवाला, एसएमएसवाला, फीची पावती पाठवणारा, प्रत्येकाने आपली नोंद घालून ठेवलेली असते आणि दहाचा आकडा कधी ओलांडला कुणालाच कळत नाही. लॉगिनच्या मेलांना वेगळं उपडोमेन द्या, त्याच्या एसपीएफमध्ये एकच नोंद ठेवा, आणि जाहिरातीचे मेल त्यावरून कधीही पाठवू नका. कुणी ‘नव्या बॅचला प्रवेश सुरू’च्या मेलवर स्पॅमचं बटण दाबलं तर त्याची झळ लिंकला लागता कामा नये.

सर्व्हर क्लासच्या ऑफिसातच ठेवून ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवत असाल तर तो मार्ग सोडून द्या. घरगुती जोडण्यांचे आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) सर्रास असतात, आणि मोठे मेल सर्व्हर अशांना दारातही उभं करत नाहीत. एखाद्या मेल सेवेमार्फत ५८७ पोर्टवरून पाठवा.

पोस्टफिक्स स्वतःचाच असेल तर लॉगिनच्या मेलांसाठी त्याची दुसरी प्रत चालवा. तिच्यात रांग तपासण्याचा काळ आणि परतीची किमान वाट ६० सेकंद ठेवा, कमाल ३०० सेकंद, आणि रांगेतलं एकूण आयुष्य लिंकच्या मुदतीएवढं. ६० सेकंदांच्या खाली जाऊ नका. दार सतत ठोठावणाऱ्याला समोरचे आणखी लांब उभं करतात. आयुष्य मुदतीएवढं ठेवण्याचं कारण साधं आहे: संपलेली लिंक पोचवण्यात काहीच अर्थ नाही, उलट ती गोंधळ वाढवते. तुमच्या ॲपच्या रांगेतही हाच नियम लावा. वर्करने काम उचललं आणि लिंकची मुदत दोन मिनिटांवर आलेली असेल, तर मेल तसाच न पाठवता नवी मुदत देऊनच पाठवावा.

‘पुन्हा पाठवा’ हे बटण

या समस्येत सगळ्यात जास्त त्रास याच बटणाने होतो, आणि त्याकडे कुणी बघत नाही.

मुलाला ८:०० ला लिंक मिळाली नाही. त्याने ८:०१ ला पुन्हा मागितली, ८:०३ ला तिसऱ्यांदा. बहुतेक प्रोग्रॅम नवी लिंक दिली की जुनी रद्द करतात. ८:०४ ला पहिला मेल पोचतो. मुलगा लिंक दाबतो: ‘अवैध लिंक’. म्हणून तो चौथ्यांदा मागतो आणि तेवढ्यात तिसरीही मरते. प्रत्येक नवी मागणी वाटेतल्या सगळ्या मेलांना मारून टाकते. मेल वेळेवर पोचत असूनही असं मूल कधीच आत जाऊ शकत नाही, आणि ६०० मुलांच्या १८०० मागण्या होऊन रांग तिप्पट लांब होते.

त्यावर उपाय म्हणजे नवी मागणी आली तरी जुनी लिंक तिच्या मुदतीपर्यंत जिवंत ठेवा, आणि कुठलीही एक वापरली गेली की त्या पत्त्याच्या बाकी सगळ्या रद्द करा. सुरक्षिततेत फारसा फरक पडत नाही, कारण सगळ्या लिंका त्याच मेलबॉक्समध्ये जाणार आहेत. टोकन (लिंकमधला गुप्त कोड) किमान १२८ बिट यादृच्छिक असावं, डेटाबेसमध्ये त्याचा हॅशच (ज्यावरून मूळ कोड काढता येत नाही असा ठसा) साठवावा. बटण ६० सेकंद बंद ठेवून खाली उलटी मोजणी दाखवा. आणि ‘अवैध लिंक’ असं कोरडं लिहू नका. मुदत संपली, आधीच वापरली गेली, की पत्ता अर्धवट कॉपी झाला, यातलं काय घडलं ते मराठीत स्पष्ट सांगा. तुमच्याकडे येणारे निम्मे फोन तेवढ्याने थांबतील.

जीमेल एकाच विषयाचे मेल एका संभाषणात गोळा करतं आणि सारखा मजकूर तीन टिंबांमागे दडवतं. नवा मेल येऊनही मूल वरचा जुनाच उघडतं. विषयातच वेळ घाला: ‘लॉगिन लिंक, रात्री ८:०२’. मेल वेगळे राहतात आणि कुठला नवा ते दिसतं.

ऑफिसच्या पत्त्यांची वेगळी अडचण

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांत काम करणारे पालक अनेकदा ऑफिसचाच पत्ता देतात. अशा ठिकाणी मेल आधी सुरक्षा गेटवेतून जातो. तो मेलमधल्या लिंका तपासतो, काही ठिकाणी त्या स्वतः उघडूनही बघतो. यात काही मिनिटं जातात आणि त्यावर तुमचा काही इलाज नाही. पण याहून वाईट म्हणजे, एकदाच चालणारी लिंक तपासणाऱ्या यंत्रानेच वापरून टाकलेली असते. पालकांना दिसतं ‘लिंक आधीच वापरली आहे’ आणि ते म्हणतात उशीर झाला. तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये बघा: मेल गेल्यानंतर काही सेकंदांतच, भलत्याच आयपीवरून लिंक उघडलेली दिसेल.

म्हणून लिंक उघडल्याबरोबर लॉगिन होऊ देऊ नका. पानावर ‘आत या’ असं बटण दाखवा, आणि टोकन ते बटण दाबल्यावरच, पोस्ट विनंतीवर, खर्च करा. बटण जावास्क्रिप्टने आपोआप दाबलं जाईल अशी सोय करू नका, काही तपासणी यंत्रं जावास्क्रिप्टही चालवतात.

फोन

पडताळणी सोपी आहे. मेल ॲपमध्ये यादी खाली ओढून ताजी करायला सांगा. ८:१२ ला ओढल्यावर ८:०० ची वेळ असलेला मेल दिसला, तर तो बारा मिनिटं फोनच्या बाहेरच थांबला होता. रेडमी, विवो, ओप्पो, रिअलमीच्या फोनांत बॅटरी वाचवण्याची व्यवस्था कडक असते. मेल ॲपची बॅटरीची मर्यादा काढायची, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करायचं, आणि जीमेलच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये सिंक चालू आहे का बघायचं. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेलचं खातं पुश होत नाही, ठरावीक अंतराने खेचलं जातं. ‘फेच न्यू डेटा’मध्ये १५ मिनिटं किंवा तासाचा पर्याय निवडलेला असू शकतो. जीमेलचं स्वतःचं ॲप घातलं की हा प्रश्न मिटतो.

आणखी एक कारण घरोघरी सापडतं. गुगलच्या मोफत खात्याची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की मेल येणंच थांबतं. तुमच्या लॉगमध्ये ४५२ ४.२.२ किंवा ५५२ ५.२.२ दिसेल. त्या पालकांना तसं कळवा, तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही.

घड्याळ

कधी कधी मेल वेळेवर येतो, पण लिंक आधीच मेलेली असते. मुदत डेटाबेसमध्ये युटीसीत लिहिली आणि तपासताना भारतीय वेळेशी ताडली, तर लिंक जन्मतःच संपलेली. उलट झालं तर १५ मिनिटांची लिंक पावणेसहा तास चालते. तक्रार येत नाही म्हणून ही दुसरी चूक वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि ती जास्त धोक्याची आहे. सगळ्या वेळा युटीसीत साठवा, फक्त दाखवताना बदला. सर्व्हरांची घड्याळं एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवून ठेवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलेलंच आहे.

मुदत किती ठेवावी, आणि ८ ची गर्दी

१५ मिनिटांची मुदत ३० करा. एकदाच वापरली जाणारी, बटणामागे ठेवलेली लिंक अर्धा तास जिवंत राहिली तर चाचणीच्या पोर्टलला धोका नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या ८००-६३बी या मार्गदर्शक तत्त्वांत ईमेलला स्वतंत्र ओळख-पडताळणीचं साधन मानायलाच मनाई आहे, हे लक्षात घेऊन फी परत देणं किंवा गुण बदलणं असली कामं मात्र फक्त या लिंकच्या भरवशावर ठेवू नका.

त्याच मेलमध्ये सहा आकडी कोडही द्या. मेल एका फोनवर आणि चाचणी दुसऱ्या लॅपटॉपवर असली की कोड कामाला येतो. शिवाय काही मेल ॲपांत उघडलेली लिंक त्यांच्या आतल्याच ब्राउझरमध्ये लॉगिन करते, फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये करत नाही, आणि मुलाला वाटतं काहीच झालं नाही. कोडला पाच चुकांची मर्यादा ठेवा, नाहीतर दहा लाख शक्यता यंत्राला जड नाहीत. एसएमएसचा पर्याय हवा असेल तर डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीची व्यवस्था) नोंदणी, हेडर (एसएमएसवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि संदेशाचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे या महिन्यात त्याच्यावर विसंबू नका.

पण या सगळ्याहून मोठा फरक पाडणारा बदल मेलशी संबंधित नाही. ६०० मुलांनी ८ वाजताच लॉगिन करण्याची गरज काय? लॉगिन रविवारी दुपारपासून उघडं ठेवा, सत्र ३० दिवस टिकू द्या, आणि प्रश्नपत्रिका तेवढी ८ वाजता उघडा. ६ च्या आठवणीच्या मेलमध्ये ‘आत्ताच लॉगिन करून ठेवा’ हे पहिलं वाक्य असू द्या. मागच्या आठवड्यात आलेली मुलं आधीच आत असतील, आणि ८ ला लिंक मागणारे थोडेच उरतील. ऐन वेळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलेल्या मुलालाही मग लिंकची वाट बघत बसावं लागणार नाही.

येत्या रविवारी प्रत्येक लिंकसाठी चार टप्प्यांच्या वेळा नोंदवा: बटण दाबल्याची, वर्करने मेल बनवल्याची, मेल सेवेने स्वीकारल्याची, आणि समोरच्या सर्व्हरने घेतल्याची. शेवटची वेळ सेवेच्या डिलिव्हरीच्या सूचनेत येते, एसईएस उशिराचीही वेगळी सूचना पाठवतं. सरासरी काढू नका, ५५० मुलांचे दोन सेकंद बाकी ५० जणांचा अर्धा तास झाकून टाकतात. शंभरातल्या पंचाण्णवाव्या मुलाला किती वेळ लागला ते बघा, आणि जीमेल, याहू, ऑफिसचे पत्ते असे गट वेगळे काढा. पहिल्या दोन वेळांतलं अंतर मोठं निघालं तर वर्कर वाढवा आणि रांगा वेगळ्या करा, तिसऱ्या आणि चौथ्यातलं निघालं तर ४ ने सुरू होणारे कोड गोळा करून कुठला डोमेन काय म्हणतोय ते वाचा. चारही वेळा एका मिनिटाच्या आत असतील आणि तरी तक्रार असेल, तर त्या मुलाचा फोन हातात घेऊन बघा.